नाव प्रार्थनेत ठेवलं तो आठवडा

बंगळुरूतल्या आमच्या मराठी चर्चच्या मंडळीत निवडणूक होत नाही. पंचवीस-तीस माणसं, त्यात निवडणूक काय करायची? कुणाला एखादी जबाबदारी द्यायची झाली की त्याचं नाव प्रार्थनेत ठेवतात. म्हणजे एका रविवारी पाळकसाहेब ते नाव सगळ्यांसमोर वाचतात, मग आठवडाभर प्रत्येकानं आपापल्या घरी त्या माणसासाठी प्रार्थना करायची, आणि पुढच्या रविवारी पुन्हा नाव घेतलं की त्या माणसानं उभं राहायचं किंवा बसून राहायचं. उभं राहिलं तर 'मी आहे' एवढंच म्हणायचं. बसून राहिलं तर कुणी कारण विचारायचं नाही. नाव कुणी सुचवलं तेही सांगायचं नाही.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी माझं नाव वाचलं तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसून फोनवर मेट्रोचं वेळापत्रक बघत होते.

आधी वाटलं, चहाच्या पाळीसाठी असेल. पण पाळकसाहेबांची नगरला बदली झाली होती आणि दुसरे पाळक इतक्यात मिळणार नव्हते. महिन्यातले तीन रविवार उपासना चालवायला, वचन वाचून दोन शब्द बोलायला, आजाऱ्यांकडे जायला कुणीतरी हवं होतं. त्यासाठी माझं नाव. पंचवीस डोकी मागे वळली. आणि खरं सांगायचं तर भीतीच्या आधी रागच आला. मला न विचारता माझं नाव घ्यायचं म्हणजे काय?

उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना दारात गाठलं. हॉल आमचा नाही, एका तमिळ चर्चचा. त्यांची भक्ती दुपारी आटोपली की तीन ते पाच आम्हाला मिळतो. पाच वाजले की त्यांचा माणूस किल्ल्या वाजवत उभा राहतो. त्यामुळे आमची सगळी गंभीर बोलणी घाईतच होतात.

"साहेब, मी या कामाची नाही," मी म्हटलं.

"ताई, प्रार्थना करा."

"प्रार्थनेचा प्रश्न नाही. मला माझी लायकी माहीत आहे."

"असं सगळ्यांनाच वाटतं," ते म्हणाले आणि खुर्च्या रचायला लागले. मला चीड आली. सगळ्यांना वाटतं ते वेगळं, माझं वेगळं. ते विनयानं म्हणतात. माझ्याकडे कारण होतं. पण ते सांगायला पाच मिनिटं पुरली नसती, आणि किल्ल्या वाजायला लागल्या होत्या.

कारण असं की मल्लेश्वरममध्ये जिथे मी राहते तिथे मी ख्रिस्ती आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी मी पुण्याहून बदलीवर इथे आले. ऑफिस व्हाइटफील्डला. तिथेच घर घेतलं असतं तर हा प्रकारच झाला नसता, पण त्या अपार्टमेंटांच्या गर्दीत माझा जीव गुदमरतो. मला झाडं हवी होती, चालत जाता येईल अशी भाजी हवी होती. मेट्रोत रोज दोन-अडीच तास गेले तरी चालतील म्हटलं. मग मल्लेश्वरममध्ये घरं बघायला लागले. दोन ठिकाणी चर्चचं नाव निघाल्यावर घरमालकांना एकदम आठवलं की त्यांचा पुतण्या राहायला येणार आहे. तिसऱ्या घराच्या पायऱ्या चढताना दलाल मला म्हणाला, "मॅडम, कशाला सांगता? नाव चांगलं आहे तुमचं."

नाव चांगलं आहे. म्हणजे काय ते मला कळलं आणि मी चक्क हसले. आमचं आडनाव नगरकडचं. ते मराठ्यांतही सापडतं, आमच्यातही. पहिलं नाव फुलाचं. टिकली तर मी शाळेपासून लावते, आईचा ओरडा खाऊन. दारातून बघणाऱ्याला संशय यायचं काही कारणच नव्हतं.

तिसरं घर अक्कांचं होतं. अक्का म्हणजे माझ्या घरमालकीण, तेव्हा सत्तरीच्या आसपास. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी कधीतरी इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी बोलतात, पण निम्मी कानडी; 'बरं'ला 'सरी', 'जरा'ला 'स्वल्प'. मी दारात 'नमस्कार, मी नगरची' म्हटलं आणि त्यांचा चेहरा उजळला. आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि म्हणाल्या, "सरी, म्हणजे आपलेच की तुम्ही."

मी "हो" म्हटलं.

एवढंच. एक अक्षर. मी खोटं बोलले नव्हते असं मी बरेच दिवस स्वतःला पटवत होते. मराठी माणूस मराठी माणसाला आपला म्हणाला, त्यात खोटं काय? कुणी सरळ विचारलं तर सांगेन, असं ठरवलं होतं. कुणी विचारलंच नाही. आणि मग गणपती आले.

अक्कांकडे पाच दिवसांचा गणपती. आरतीला मला खाली बोलावलं. कपाटाच्या दारावर एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला, त्यावर मराठी आरत्या कानडी लिपीत. कुणीतरी कधीतरी उतरवून घेतलेल्या, त्याच्यावरून पुन्हा कुणीतरी. घरातली नातवंडं त्यावरून वाचत होती आणि शब्दांचा असा चेंदामेंदा चालला होता की मला राहवेना. नगरच्या गल्लीत वाढलेल्या कुठल्या पोराला आरत्या येत नाहीत? मी म्हणायला लागले. एकेक जण गप्प होत गेला आणि शेवटी मी एकटीच म्हणत होते, खणखणीत आवाजात. संपल्यावर अक्कांच्या डोळ्यांत पाणी. "पन्नास वर्षं आम्ही चुकीचंच म्हणत होतो की," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही आणली आणि माझ्याकडून सगळ्या आरत्या नीट सांगून घेतल्या. तेव्हापासून दर वर्षी आरती मीच सांगते. शेजारच्या बायकांना त्या अभिमानानं सांगतात, वरच्या आमच्या बाईंचं मराठी ऐका.

गंमत बघा. चर्चमध्ये मी शेवटच्या रांगेत ओठ हलवणारी, आणि खाली अक्कांच्या दिवाणखान्यात मी पुढारी. पण मला तिथे अवघडल्यासारखं वाटत नव्हतं, हीच तर अडचण. आवाज मोकळा लागायचा. छान वाटायचं. मग रविवारी हॉलमध्ये बसले की पुन्हा नुसते ओठ हलायचे, आणि हे पाप वाटतं म्हणून की उघडं पडायच्या भीतीनं, ते मला आजही सांगता येत नाही.

इथपर्यंतसुद्धा मी स्वतःला कसंबसं माफ केलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी मला कुणीतरी सरळ विचारलं.

डेंग्यू झाला होता. दोन रविवार मी हॉलवर गेले नाही. दुसऱ्या रविवारनंतर, गुरुवार असेल, सकाळी अकराच्या सुमाराला खालून अक्कांची हाक आली. मी गॅलरीत गेले. फाटकाशी अक्का, शेजारच्या दोघी, आणि पांढऱ्या साडीत आमच्या मंडळीतल्या मावशी. मावशी म्हणजे निवृत्त नर्स, के. आर. पुरमला एकट्या राहतात. गळ्यात बारीक साखळी, तिच्यात क्रूस, हातात कापडी पिशवीत डबा. त्या वयात दोन बस बदलून आलेल्या.

अक्का खालून म्हणाल्या, "या बाई म्हणतायत तू यांच्या चर्चला येतेस. होय का गं?"

त्यांच्या आवाजात काही खोच नव्हती. नुसतं नवल होतं. मी 'हो' म्हटलं असतं तर काय झालं असतं? मला माहीत नाही. कदाचित काहीच झालं नसतं. पण शेजारच्या दोघी मान वर करून बघत होत्या, आणि माझ्या डोळ्यांपुढे ती आरत्यांची वही आली.

"नाही हो अक्का," मी म्हटलं. "मी ओळखत नाही यांना. चुकून आल्या असतील."

मावशींनी वर बघितलं. चांगलं बघितलं. मग अक्कांकडे वळून म्हणाल्या, "असेल, बाई. माझी नजर आता तेवढी राहिली नाही. दुसरं घर असेल." आणि डबा घेऊन चालू लागल्या.

माझ्यासाठी ती म्हातारी खोटं बोलली. मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिले. रस्ता वळेपर्यंत ती पांढरी साडी दिसत होती. पायात चप्पल घालून खाली धावत जायला एक मिनिट लागलं असतं. मी गेले नाही. ताप होता म्हणून, असं पुढे मी स्वतःला सांगितलं. ताप आदल्या दिवशीच उतरला होता.

पुढच्या रविवारी त्यांनी मला एवढंच विचारलं, "प्लेटलेट किती आल्या?" आणि तो विषय त्या दिवसापासून कधी निघाला नाही.

आणि आता माझं नाव प्रार्थनेत. तेही उपासना चालवायला. सोमवारी मेट्रोत मी देवाशी भांडत होते. मॅजेस्टिकला गाडी बदलताना माझे ओठ हलत असावेत, कारण एका मुलीनं मला बसायला जागा दिली. मी म्हणत होते, तुला सगळं माहीत आहे ना? तू तिथे होतास ना त्या दिवशी? मग हे काय चाललंय? शिक्षा करायची तर सरळ कर. ही कसली तऱ्हा, की जिनं ओळख नाकारली तिलाच पुढे उभं करायचं. लोक सांगतात, पाचारण आलं की आत शांती वाटते, खात्री वाटते. मला ॲसिडिटी झाली. मंगळवार, बुधवार तेच. हे देवाचं बोलावणं आहे की माणसं कमी पडतायत म्हणून पाळकसाहेबांनी काढलेली सोय, हे कळायला काही मार्ग असेल तर तो मला कुणी शिकवलेला नाही.

मला एकच कळत होतं. रविवारी बसून राहिले तर कुणी काही विचारणार नाही. आणि मी आयुष्यभर बसूनच राहीन.

गुरुवारी ऑफिसमधून लवकर निघाले आणि के. आर. पुरमला उतरले. मावशी मेथी निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.

मी म्हटलं, "नाव तुम्ही दिलंत का?"

"ते सांगायचं नसतं," त्या म्हणाल्या. मग काडी मोडून म्हणाल्या, "दिलं."

"का?"

"दुसरं कोण आहे? एक कॅनडाला निघालीय. एकीला सुनेचं बाळंतपण. खजिनदार बोलायला लागले की माणसं झोपतात. तुझं वाचन स्पष्ट आहे."

मला अक्षरशः तोंडात मारल्यासारखं झालं. मला काय हवं होतं कोण जाणे. त्यांना स्वप्न पडलं असेल, प्रार्थनेत माझा चेहरा दिसला असेल, असलं काहीतरी हवं होतं. नाहीतर मग सरळ आरोप तरी. वाचन स्पष्ट आहे म्हणून?

"मावशी, त्या दिवशीचं तुम्हाला आठवतं ना?"

"मी म्हातारी आहे. बावळट नाही."

"मग?"

"मग काय? डब्यातली खिचडी बसस्टॉपवर बसून मीच खाल्ली. गार झाली होती."

मी रडायला लागले. मेथी निवडता निवडता. त्यांनी मला थांबवलं नाही की पाठीवरून हात फिरवला नाही. त्या तसल्या नाहीतच. मी विचारलं, "राग आला होता?"

"आला होता. बरेच दिवस होता. देवाला म्हटलं, हिचं काय करायचं ते तूच बघ, मला जमणार नाही." त्यांनी निवडलेली पानं टोपलीत टाकली. "आणि मी तरी काय केलं? मीही म्हटलंच की, चुकून आले. तुझ्यासाठी म्हटलं असं तुला वाटतं. पण तिथे तीन अनोळखी बायका होत्या आणि मला लाज वाटली, हेही आहेच त्यात."

हे मला नवीन होतं. दोन वर्षं मी त्यांना मनातल्या मनात संत करून ठेवलं होतं.

"पण मी लायक नाही, मावशी."

"तू लायक आहेस असं मी म्हटलंच नाही. नाव दिलं, म्हटलं." आणि त्यांनी माझ्यासमोरची भाजी तपासली. मी निवडलेल्यात निम्म्या काड्या राहिल्या होत्या. त्यांनी ती सगळी पुन्हा निवडायला घेतली.

परतताना माझं डोकं जास्तच फिरलं होतं. सुटका होईल म्हणून गेले होते, माफी मिळेल म्हणून गेले होते. माफी मिळाली की नाही हेसुद्धा मला नीट कळलं नाही. पण एक गाठ सुटली होती. मी पवित्र होईपर्यंत कुणी माझी वाट बघत नव्हतं. लोकांना रविवारी तीन वाजता कुणीतरी वाचायला हवं होतं. यात अपमान आहे की कृपा आहे, यावर मी मॅजेस्टिकपासून घरापर्यंत विचार केला आणि सोडून दिला.

फक्त एवढं पक्कं झालं की उभं राहायचं असेल तर आधी अक्कांना सांगायला हवं. खाली एक आणि हॉलमध्ये एक असं करून उपासना चालवणार? ते माझ्याच्यानं झालं नसतं. आणि घर जाईल ही भीती होती, तेही खोटं नाही. घर म्हणण्यापेक्षा अक्का. ताप होता तेव्हा दोन आठवडे दोन्ही वेळचं जेवण त्यांनीच वर पाठवलं होतं.

शनिवारी सकाळी त्यांनी रोजच्यासारखी कॉफी दिली. स्टीलच्या लोट्यात, फेस येईपर्यंत वरखाली करून. मी एक घोट घेतला आणि सांगून टाकलं. ख्रिस्ती आहे. जन्मानं आहे. दर रविवारी दुपारी मी मैत्रिणीकडे जात नाही, चर्चला जाते. त्या दिवशी आलेल्या बाई माझ्याकडेच आल्या होत्या.

अक्का पदराच्या टोकाला काहीतरी चिकटलं होतं ते काढत बसल्या. मला वाटलं, जात-धर्म, स्वयंपाकघर, असलं काही निघेल. मी त्याची तयारी करून आले होते. मनात उत्तरंसुद्धा होती, चांगली चढ्या आवाजातली.

त्या म्हणाल्या, "मग चार वर्षं माझ्या गणपतीसमोर म्हणत होतीस ते काय? नाटक?"

"नाटक नव्हतं, अक्का."

"मग काय होतं?"

माझी सगळी उत्तरं भलत्याच प्रश्नांची होती. नाटक होतं म्हटलं असतं तर चर्चमधल्या लोकांना बरं वाटलं असतं, आणि ते खोटं झालं असतं. नाटक नव्हतं म्हणजे काय होतं, ते मला पाळकसाहेबांनाही सांगता आलं नसतं. त्या घरात उभं राहून मी मनापासून गायले होते. कुणासाठी? अक्कांसाठी? नगरच्या गल्लीसाठी? मी माझ्या देवाला फसवत होते की अक्कांना, की दोघांना नाही आणि फक्त स्वतःला?

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्यासारख्या नव्हत्या. थकल्यासारख्या होत्या. "विचारलं होतं की मी तुला," त्या म्हणाल्या. "चांगलं विचारलं होतं. वाकडं विचारलं नव्हतं." मग उठल्या. "सरी. तू वर जा स्वल्प. मला विचार करू दे."

मी अर्धी कॉफी तिथेच ठेवून वर आले. घर सोड म्हणाल्या नाहीत. राहा असंही म्हणाल्या नाहीत. दुपारचं त्यांचं दार बंद होतं. रविवारी सकाळीही बंदच होतं. मी दोनदा खालीवर केलं, मुद्दाम चपला वाजवत. त्याचीही आता लाज वाटते.

रविवारी मी तीनच्या आधी हॉलवर पोचले आणि पहिल्यांदाच शेवटची रांग सोडून मध्ये बसले. का, ते सांगता येत नाही. गाणी झाली, वाचन झालं. मला आत काही वाटेल म्हणून मी वाट बघत होते. काहीच वाटलं नाही. पंखा कुरकुरत होता. तमिळ मंडळीनं सकाळी वाहिलेल्या फुलांचा वास होता. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं.

मी बसून राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. पाळकसाहेब पुढचा कागद उचलायला लागले, आणि मी उठले. ठरवून उठले असं म्हणवत नाही. पण पाय माझेच होते, कुणी ओढलं नव्हतं.

'मी आहे' म्हणून बसायचं, एवढीच रीत. मी म्हटलं, "मी आहे. पण मला आधी एक सांगायचंय." पाळकसाहेबांची मान वर झाली. रीत मोडली होती. आता मागे फिरता येणार नव्हतं. "दोन वर्षांपूर्वी मी आजारी होते तेव्हा मावशी माझ्याकडे आल्या होत्या. घरमालकिणीनं मला विचारलं, तू यांच्या चर्चला जातेस का? मी म्हटलं, मी यांना ओळखत नाही. चर्चलाही जात नाही म्हटलं."

शेवटी शेवटी माझा आवाज इतका बारीक झाला की मलाच ऐकू येईना. पाळकसाहेब माझ्याकडे बघत राहिले. पहिल्या रांगेत मावशी बसल्या होत्या, पाठ माझ्याकडे. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

"मागच्यांना ऐकू येत नाहीये," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं बोल."

मी घसा साफ केला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.